एजंट म्हणतो ओसाकाजवळ आहे, जवळ म्हणजे किती?

पत्र: ताई, मी वरूड तालुक्यातली, वय २४, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालंय. जपानी भाषेची आणि केअरगिव्हरची परीक्षा पास झाले आणि वाकायामा प्रांतातल्या तानाबे शहरातून एका वृद्धाश्रमाची ऑफर आलीये. तीन-चार महिन्यांत निघायचंय. एजंट म्हणतो ओसाकाजवळच आहे, टेन्शन नाही. पण मला त्या भागाचं काहीच माहीत नाही, यूट्यूबवर बघावं तर सगळं टोकियोचंच. जायच्या आधी नेमकं काय शिकून घेऊ? भूकंपाची भीती वाटते. मी अंडी खाते पण मासे-मटण नाही. तिथं कोणी मराठी असेल का? आणि आई रोज विचारते, पोळीचं काय करशील. बाबांची संत्र्याची बाग आहे, ते काही विचारत नाहीत, नुसते गप्प असतात.

उत्तर:

अगं, आधी अभिनंदन. एवढ्या परीक्षा दिल्यास, आणि वर जायच्या आधी त्या भागाचं शिकून घ्यायचं तुला सुचलं. मला नव्हतं सुचलं. मी साताऱ्याहून गेले तेव्हा माझ्या डोक्यात जपान म्हणजे बुलेट ट्रेन, उंच बिल्डिंगा आणि चेरीची फुलं एवढंच होतं आणि उतरले ती तानाबेच्याही खालच्या अंगाला एका किनाऱ्यावरच्या गावात, जिथे संध्याकाळी सात नंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सहा वर्षं राहिले तिथे, याच कामात. म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

पहिलं ते "ओसाकाजवळ". शिन-ओसाकाहून कुरोशिओ नावाची एक्सप्रेस सुटते, ती तानाबेला म्हणजे की-तानाबे स्टेशनला सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते, तिकीट पाच हजार येनच्या घरात. म्हणजे सुट्टीच्या दिवशी उठलं आणि ओसाकाला गेलं असं होत नाही, महिन्यातून एकदा जाशील फार तर. एजंट खोटं बोलला असं नाही म्हणत मी, वरूडसुद्धा नागपूरजवळच आहे ना, तसंच ते.

पण खरी मेख पुढे आहे. ऑफर लेटर काढ आणि पत्ता बघ. "तानाबे शहर" एवढ्यावर थांबू नकोस, त्याच्या पुढे काय लिहिलंय ते बघ. २००५ साली तानाबेत आजूबाजूची र्‍युजिन, नाकाहेची, ओतो आणि होंगू ही चार गावं विलीन केली, त्यामुळे आज कागदावर तानाबे हे क्षेत्रफळाने अख्ख्या कानसाई भागातलं (म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागातलं) सगळ्यात मोठं शहर आहे, हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबई आणि उपनगरं मिळून जेवढं होतं त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि एवढ्यात माणसं किती, तर सत्तर हजाराच्या आत. बाकी सगळे डोंगर आणि सुगी-हिनोकी या उंच सूचिपर्णी झाडांची जंगलं. आता पत्त्यात पुढे होंगू-चो असेल तर तू स्टेशनवर उतरून बसने अजून दीड-दोन तास डोंगरात जाणार. र्‍युजिन असेल तर तास-सव्वा तास. आणि स्टेशनच्या आसपासचा पत्ता असेल तर सुपरमार्केट, दवाखाने, शंभर येनचं दुकान सगळं सायकलवर. एकाच शहराच्या नावाखाली तीन वेगवेगळी आयुष्यं आहेत ही, आणि तुझं कुठलं ते पत्त्यातले दोन शब्द ठरवतात. तू मला पत्रात ते लिहिलंच नाहीयेस! म्हणून मी सगळ्यांचंच सांगते.

पत्ता हातात आला की एक काम कर, मॅपवर टाक आणि स्ट्रीट व्ह्यू चालू कर. राहायची खोली कुठे देणार तेही विचारून घे (हे विचारायला लाजू नकोस, तुझी राहायची सोय बघायला मदत करणं त्यांना बंधनकारकच आहे) आणि त्या खोलीपासून कामाच्या जागेपर्यंत मोबाइलवर चालत जा. खरंच, घरबसल्या. चढ आहे का, रस्त्याला फूटपाथ आहे का, दुकान कुठे लागतं, नाइट ड्युटीवरून परतताना दिवे आहेत का. किनाऱ्याजवळ असशील तर विजेच्या खांबांवर लावलेल्या पाट्या बघ, त्यावर काइबात्सु म्हणून इतके इतके मीटर असा आकडा असतो, ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंच ते. मी पहिला महिनाभर त्या पाटीला बसचा नंबर समजत होते, हसू नकोस.

इथूनच भूकंपावर येते, कारण तुझी खरी भीती ती आहे. लपवून ठेवण्यात अर्थ नाही, तो सगळा किनारा नानकाई ट्रफ नावाच्या भेगेच्या समोर आहे आणि तिथे दर शंभर-दीडशे वर्षांनी मोठा भूकंप होत आलाय. शेवटचा १९४६ सालचा, २१ डिसेंबर, पहाटे ४ वाजून १९ मिनिटं. त्सुनामीही आली होती. ही तारीख मी पुस्तकातून नाही शिकले. आमच्या वृद्धाश्रमात एक आजी होत्या, नव्वदीच्या पुढच्या, जेवण झालं का तेही त्यांना आठवायचं नाही, पण रोज रात्री झोपताना चपला पलंगाखाली, टाचा भिंतीकडे आणि बोटं बाहेर, अशाच लावून घ्यायच्या, उलट्या लागल्या तर झोपायच्या नाहीत. मी नवीन होते, मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट. मग एका सिनियरने सांगितलं, लहानपणी त्या पहाटे अंधारात अनवाणी डोंगर चढल्या होत्या त्या. तू जाशील तिथे त्या पिढीतली माणसं अजून असतील, आता फार थोडी राहिलीत. कोणाची अशी विचित्र सवय दिसली तर सोडवायला जाऊ नकोस, आधी विचार.

आणि हेही वाचून ठेव, तानाबेहून वर ओसाकाच्या बाजूला हिरोगावा म्हणून गाव लागतं. १८५४ च्या भूकंपात त्सुनामी आली तेव्हा अंधारात लोकांना वाट दिसेना, तर हामागुची गोर्‍यो नावाच्या तिथल्या एका बड्या असामीने भाताच्या गंजी पेटवून दिल्या आणि त्या उजेडावर लोक उंचावर पोचले. नंतर त्याने स्वतःच्या पैशाने समुद्राकाठी सहाशे मीटर लांबीचा बांध घातला, गावातल्या लोकांनाच कामाला लावून, म्हणजे रोजगारही मिळाला आणि लोक गाव सोडूनही गेले नाहीत. १९४६ साली त्याच बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. संयुक्त राष्ट्रांचा त्सुनामी जागृती दिवस ५ नोव्हेंबरला असतो तो याच प्रसंगावरून. तिथल्या शाळेतल्या पोराटोरांनाही ही गोष्ट पाठ असते आणि परदेशातून आलेल्या मुलीला ती माहीत आहे म्हटल्यावर लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

भीती कमी करायचा माझ्या मते एकच उपाय आहे, नकाशा. जपान सरकारची कासानेरु हजार्ड मॅप नावाची साइट आहे, तिच्यावर पत्ता टाकला की पूर, दरड, त्सुनामी कुठपर्यंत येऊ शकते ते रंगात दिसतं. तुझी खोली आणि तुझं कामाचं ठिकाण दोन्ही टाक. आता गंमत बघ, तुझा पत्ता होंगूचा निघाला तर त्सुनामीचा रंग तिथे नसणारच, समुद्र लांब आहे, पण म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, कारण तिथला शत्रू वेगळा. २०११ च्या सप्टेंबरमध्ये १२ नंबरचं वादळ आलं (ते वादळांना नंबर देतात) आणि या सगळ्या भागात, म्हणजे 'की' नावाच्या द्वीपकल्पात, इतका पाऊस पडला की नद्या गावांत शिरल्या, दरडी कोसळल्या, बरीच माणसं गेली. त्याच्याही आधी १८८९ सालच्या पुरात होंगूचं जुनं देऊळ वाहून गेलं, जे काय वाचलं ते उचलून टेकडीवर नेऊन बसवलं, आज तुला जे देऊळ दिसेल ते टेकडीवरचं. जुन्या जागेवर आता नुसती झाडी आहे आणि तिच्या तोंडाशी ३४ मीटर उंचीची तोरी कमान. हजार-बाराशे वर्षांच्या देवालासुद्धा नदीपासून लांब जावं लागलं, तर आपण कोण.

मग गेल्यावर पहिल्या आठवड्यातच वरिष्ठांना विचार की नाइट ड्युटीला दोघीच असताना भूकंप झाला तर आपण काय करायचं, कोणाला आधी उचलायचं, कुठे न्यायचं. त्यांच्याकडे लिहिलेला प्लॅन असतोच. फोनवर सेफ्टी टिप्स नावाचं अ‍ॅप टाकून ठेव, इंग्रजीत इशारे येतात. १७१ हा आपत्तीतला नंबर घरच्यांना सांगून ठेवायचा मोह होईल पण तो जपानातल्या जपानात निरोप ठेवायचा आहे, आईला व्हॉट्सअ‍ॅपच बरा. आणि ऑगस्ट २०२४ सारखं झालं तर घाबरू नकोस, तेव्हा नैर्ऋत्येला क्यूशू बेटाकडे एक मोठा धक्का बसला आणि सरकारने पहिल्यांदाच नानकाई ट्रफसाठी आठवडाभर सावध राहा असा इशारा दिला, शेजारच्या शिराहामाने ऐन सीझनमध्ये समुद्रकिनारे बंद केले, इथे टीव्हीवर मात्र जपान बुडणार असं चाललं होतं. तेव्हा आईला आधीच सांगून ठेव की बातमी बघून रडायचं नाही, माझ्या मेसेजची वाट बघायची.

बरं आता भाषा. तू जी जपानी शिकलीस ती पुस्तकातली, टोकियोवाली. टीव्हीवरची मराठी शिकून कोणी वरूडला आला आणि कोणीतरी त्याला म्हणालं "डोया दुखते", तर त्याला डोळा कळेल का? तसंच होणार आहे तुझं. आणि योगायोग बघ, तुमच्याकडे ळ चा य होतो तसा तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडात झ चा द होतो. झेनझेन म्हणजे अजिबात, त्याचं देंदेन. झाबुतोन म्हणजे बसायची गादी, तिचं दाबुतोन. फ्रिज म्हणजे रेइझोको, त्याचा रेइदोको. एकदा हा नियम डोक्यात बसला की निम्मं कोडं सुटतं. दुसरं, क्लासमध्ये शिकवतात ना की माणसांसाठी इरु आणि वस्तूंसाठी आरु, तिथे आजोबा खुशाल माणसालाही आरु लावतात, तू चुका काढत बसू नकोस.

पण काही शब्द असे आहेत की ते कामात अडकवतात, ते मात्र आत्ताच लिहून घे. नाओसु म्हणजे पुस्तकात दुरुस्त करणं, तिकडे (म्हणजे एकूणच पश्चिम जपानात) त्याचा अर्थ जागेवर ठेवून देणं. मला पहिल्या आठवड्यात एका बाई म्हणाल्या, ती व्हीलचेअर नाओशितोइते, आणि मी दहा मिनिटं ती उलटीपालटी करून काय तुटलंय ते शोधत बसले, ब्रेक बघितले, चाकं बघितली, शेवटी दुसऱ्या मुलीने येऊन ती नुसती कोपऱ्यात ढकलली. एराइ म्हणजे पुस्तकात थोर, शाबास वगैरे. तिथे आजोबा एराइ एराइ म्हणाले की त्यांना त्रास होतोय, दमलेत, बरं वाटत नाहीये. मला वाटलं माझं कौतुक करतायत आणि मी वाकून थँक्यू म्हटलं. त्यांना ताप निघाला नंतर. अजून लाज वाटते मला त्याची. निएरु म्हणजे पुस्तकात शिजणं, तिथे काळंनिळं पडणं, आजी म्हणाली पाय निएता की लगेच पाय बघ, कुठे आपटलाय का, आणि ड्युटी बदलताना मोशिओकुरीत म्हणजे हँडओव्हरमध्ये सांग. मोजिकेरु म्हणजे मोडणं. होकासु म्हणजे टाकून देणं.

आणि त्या बोलीत आदरार्थी रूपं फारच कमी आहेत, म्हातारी माणसं डॉक्टरशीही एकेरीत बोलल्यासारखं बोलतात, त्यामुळे कोणी तुझ्याशी रोखठोक बोललं तर अपमान समजू नकोस, तू वऱ्हाडातली आहेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. तू मात्र पुस्तकातली देस-मास लावलेली आदराची रूपंच ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, निदान माझ्या मते. लोक जायच्या आधी जपानी संस्कृती शिकतात, चहाचा समारंभ, किमोनो, वाकायचं कसं. वृद्धाश्रमात त्याचा उपयोग शून्याच्या जवळ. तुला ज्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, उठवून बसवायचं, त्यांनी आयुष्यभर काय केलं ते शिक. आणि तानाबेच्या भागात त्याचं उत्तर बरंचसं उमे आणि मिकानमध्ये आहे. उमे म्हणजे ते जर्दाळूच्या जातीचं आंबट फळ, शेजारचं मिनाबे गाव आणि तानाबे हा जपानमधला त्याचा मुख्य पट्टा, देशातल्या निम्म्याहून जास्त उमे वाकायामात होतात आणि तिथल्या शेतीच्या पद्धतीला २०१५ साली जागतिक शेती वारसा म्हणून मान्यता मिळाली. फेब्रुवारीत फुलं येतात, जूनमध्ये झाडाखाली जाळ्या अंथरून ठेवतात आणि पिकलेलं फळ आपोआप गळून जाळीत पडतं, मग मीठ, मग ऊन, मग उमेबोशी. आपल्या लिंबाच्या लोणच्याची आंबट-खारट बहीण. जून आला की आमच्या होममधल्या ज्या आज्या एरवी खिडकीकडे तोंड करून बसायच्या त्यांची चुळबुळ सुरू व्हायची, हात चालायला लागायचे, देठं काढायचा हातवारा असायचा तो.

आणि मिकान! अगं, वाकायामा मिकानमध्ये जपानात पहिल्या नंबरवर आहे आणि तू वरूडची. एवढं मोठं भांडवल घेऊन चाललीयेस आणि मला विचारतेस काय शिकू. मिकान म्हणजे आपल्या संत्र्यासारखंच, साल सैल, पण बी नाही. त्यांचा तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे तुमच्याकडे अंबिया बहार निघतो त्याच वेळी. उतारावर दगडी बांध घालून बागा केलेल्या असतात, तानाबेतही कामिआकिझूच्या बाजूला दिसतील. आणि सोलायची पद्धत वेगळी, वाकायामातल्याच आरिदा भागातले लोक वरून सोलत नाहीत, खालच्या बाजूने सालीसकट दोन तुकडे, त्याचे परत दोन, आणि मग सालीवरून फोडी ओढून काढायच्या. आरिदा-मुकी म्हणतात. यूट्यूबवर बघ आणि बाबांच्या बागेतल्या संत्र्यावर चार दिवस प्रॅक्टिस कर. मग एखाद्या आजोबांच्या समोर तसं सोलून दाखव. माझ्याकडे एक होते, बागायतदार, कोणाशी बोलायचे नाहीत, मी आपल्या पद्धतीने वरून नखाने सोलायला लागले तर त्यांनी माझ्या हातातून ते ओढून घेतलं आणि लुळ्या बोटांनी चार तुकडे करून दाखवले. नंतर रोज माझी वाट बघायचे, मला शिकवायला.

म्हणून बाबांकडून शिकून जा. झाडं किती, दोन झाडांत अंतर किती, पाणी कसं देता, डिंक्या रोग कसा ओळखता, आणि हे सगळं जपानीत सांगता येईल एवढे शब्द तयार कर. ते गप्प आहेत म्हणतेस ना, हे विचारायला बस त्यांच्याशेजारी, बघ बोलतात का. बागेचे, घराचे, आईचे फोटो मोठे प्रिंट काढून ने, ड्युटीवर फोन बाहेर काढता येत नाही.

जेवण. मासे न खाणं म्हणजे मटण न खाण्यापेक्षा तिथे अवघड आहे कारण दाशी म्हणजे माशाचा अर्क सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात असतो. स्टाफच्या जेवणात तुला भात, अंडं, टोफू, लोणचं मिळेल, बाकी डबा स्वतःचा. त्या भागातल्या दोन गोष्टी तुला चालतील अशा आहेत. एक मेहारीझुशी, खारवलेल्या मोहरीसारख्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा, जंगलात लाकूड तोडायला जाणारे न्यायचे, आत मासा नसतो बहुतेक, तरी विचारून घे. आणि दुसरी ओकाइसान. भाजलेल्या चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पातळ पेज, पुस्तकात तिला चागायु म्हणतात, तिथे लाडाने ओकाइसान. तुमच्याकडे ज्वारीच्या कण्या असतात ना, त्याच घरातली ती, थोडक्यात सगळ्यांचं पोट भरायचा प्रकार. जेवण टाकणाऱ्या किती आज्यांनी मला ओकाइसान मागितलीय. तू पहिल्याच आठवड्यात हा शब्द बोललीस ना तर अख्खा हॉल वळून बघेल. आणि होंगूकडे गेलीस तर युनोमिने म्हणून गरम पाण्याच्या झऱ्याचं गाव आहे, तिथे नव्वद डिग्रीच्या कुंडात लोक अंडी सोडून उकडतात, तुझी सोय देवानेच केलीय.

पोळीचं आईला सांग, कणीक ऑनलाइन मिळते, डाळी-मसालेही, नेपाळी आणि हलाल दुकानं घरपोच पाठवतात. ज्वारीचं पीठ मात्र विसर. मसाले, तिखट, हळद घेऊन जा, पण ताजा कढीपत्ता, फळं, मटणाचं काहीही नको, एअरपोर्टवर जप्त होतं आणि वर चौकशी. बाबा हौसेने दोन संत्री बॅगेत टाकतील, काढून ठेव.

गाडी येते का तुला? तानाबेच्या गावभागात सायकलवर भागेल पण डोंगरात पत्ता असेल तर बस तास-दोन तासांनी, संध्याकाळनंतर नाहीच, गाडीशिवाय माणूस अडकतो. इथलं कारचं लायसन्स नसेल तर आजच लर्निंगचा फॉर्म भर, कारण तिथे गेल्यावर आपलं लायसन्स बदलून घ्यायचं तर लायसन्स मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिलेलं दाखवावं लागतं. विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात काढलेलं त्या कामाला चालत नाही. तुझ्याकडे तीन-चारच महिने आहेत, वेळ पुरेलच असं नाही, म्हणून हे बाकी सगळ्याच्या आधी कर. गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच जातात, तेवढं सोपं. इंटरनॅशनल परमिट काढलंस तर एक वर्ष चालतं, पण मालक परवानगी देतात का ते आधी विचार.

थंडी-बिंडीचं फार नाही सांगत. किनाऱ्यावर बर्फ क्वचित, पण घरं आतून गार असतात, खोलीत बाहेरइतकंच थंड. जाड पायमोजे आणि हीटटेकचे म्हणजे आतून घालायचे गरम कपडे तिथेच घे, इथून स्वेटरनी बॅग भरू नकोस.

पगाराचं एकच. वाकायामात किमान वेतन ओसाकापेक्षा कमी असतं, ऑक्टोबर २०२४ ला ते तासाला ९८० येन होतं आणि ओसाकाचं १,११४. दर वर्षी वाढतं, तू चालू आकडा बघून घे. पण खोलीभाडंही कमी, त्यामुळे ओसाकातल्या मैत्रिणीच्या पगाराशी तुलना करताना तिचं भाडंही विचार. आणि तू तिथे नर्स नाहीस हे मनाला आत्ताच सांग, इंजेक्शन, सलाइन तुझ्या हातात नाही, जीएनएम असून डायपर बदलायचे याचा त्रास पहिल्या वर्षी होतोच. तीन वर्षं काम आणि ठरलेलं ट्रेनिंग झालं की काइगो फुकुशिशीची म्हणजे सरकारमान्य केअर वर्करची परीक्षा देता येते, ती झाली की तुझ्या व्हिसाची पाच वर्षांची मर्यादा जाते आणि घरच्यांनाही नेता येतं.

मराठी माणूस? तानाबेत शोधू नकोस, निराश होशील. सोबत व्हिएतनाम, इंडोनेशिया, म्यानमार, नेपाळच्या मुली असतील, नेपाळी असेल तर हिंदीत रडायची सोय झाली. पण वाकायामाशी आपलं नातं मात्र आहे बरं का, २०१३ साली महाराष्ट्र सरकारने या प्रांताशी करार केलाय, आणि प्रांताच्या उत्तरेला कोयासान म्हणून डोंगरावरचं बौद्ध तीर्थ आहे, बाराशे वर्षं जुनं, तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. तानाबेहून जायला अर्धा दिवस मोडतो. मी जोडून सुट्टी काढून गेले होते, वर बर्फ होतं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचं कोणीतरी दिसलं. बराच वेळ उभी होते.

अजून एक राहिलं. प्रत्येक नगरपालिका कोहो नावाचं महिन्याचं मासिक काढते, तानाबेचंही आहे, साइटवर फुकट मिळतं. जत्रा कधी (तानाबेची मोठी जत्रा २४-२५ जुलैला असते), लसीकरण कधी, आपत्तीची ड्रिल कधी सगळं त्यात. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करत दोन-तीन अंक वाच. कचऱ्याचं वेळापत्रकही माग, त्या गावचं, शेजारच्या नाही, कारण नियम गावागणिक बदलतात आणि तिथे शेजाऱ्यांशी पहिलं भांडण कचऱ्यावरूनच होतं.

पत्त्यातले ते पुढचे दोन शब्द मला कळव. आणि लर्निंगचा फॉर्म उद्या भर.